आतल्या बाजूची कडी

तुम्ही आज ज्या खोलीत झोपणार आहात, तिच्या दाराची कडी कोणत्या बाजूला आहे?

हसू नका. माझ्या आईने हाच प्रश्न विचारला तेव्हा आमच्या ओटीवरची सगळी पुरुषमाणसं हसली होती. मीही हसले होते, आणि त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मी पत्रकांवर वाढले. मिठबावातल्या आमच्या घरात भांड्यांच्या फळीवर पत्रकं, तांदळाच्या डब्याखाली पत्रकं, बांगडे बांधून द्यायलाही जुनी पत्रकंच. वडिलांची छोटी होडी. समुद्रात प्रखर दिवे सोडून मासळी ओढून नेणाऱ्या मोठ्या बोटींविरुद्ध ते आयुष्यभर लिहीत आले. लिहायचे ते, घड्या मी घालायची. मसुऱ्याच्या जत्रेत दर्शनाच्या रांगेतल्या माणसांच्या हातात मी गुलाबी कागद कोंबत फिरायची, तेव्हा माझं डोकं त्यांच्या कमरेला लागत होतं. वडिलांचा एक नियम होता, वाचल्याशिवाय कागदावर बोट लावायचं नाही. एकदा सरकारी साहेब नोटीस घेऊन आला, तर वडिलांनी त्याला ओटीवर बसवलं, चहा दिला आणि सगळी नोटीस त्याच्याच तोंडून मोठ्याने वाचून घेतली. साहेबाला घाम फुटला होता.

अशा माणसाची मी मुलगी. तरीही मी हातात पत्त्याची एक ओळ नसताना समुद्रापार गेले. ते कसं घडलं, ते सांगते.

मी कणकवलीत एका खाजगी दवाखान्यात नर्स म्हणून काम करत होते. परदेशातल्या एका हॉस्पिटलची नोकरी मिळाली. देशाचं नाव लिहीत नाही, कारण मी राहिले त्या घरात अजून मुली राहतात. नोकरी खरी होती, कागद खरे होते, ते मी दोनदा वाचले होते. फक्त राहायची सोय आपली आपण करायची होती. मी फोनवर खोल्या शोधायची. फोटोतल्या प्रत्येक खोलीत पलंगावर तीच निळी चादर दिसायची. एकच फोटो सगळीकडे लावलाय हे कळून भीती वाटायची, आणि घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. कारण आमच्या वाडीतून परदेशी निघालेली पहिली मुलगी मी होते आणि पहिलीला भीती वाटते असं कळलं तर दुसरी निघणार नाही, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. पत्रकांवर वाढल्याचा हा एक तोटा.

तेवढ्यात शेजारच्या गावचे एक काका सुट्टीवर आले. ते त्याच शहरात दुकानात कामाला होते. त्यांच्या ओळखीचा एक माणूस फक्त नर्सना खोल्या देतो, म्हणाले. घरात आनंद झाला. दुसऱ्या दिवशी देवळात नारळ ठेवला.

आमच्याकडे मोठं काम निघालं की देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस मोठ्याने देवाला सगळं सांगतो आणि बाकीचे होकार भरतात. त्या दिवशी गाऱ्हाणं असं होतं : "बा देवा म्हाराजा, ह्या आमचा चेडू लांब देशाक जाता. तेका बरा घर गावांदे, बरी माणसा गावांदेत. कोण आडो येत असात तर तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. काकाही ओरडले. त्यांनी नारळावर हात ठेवून सांगितलं की हिच्या घराची जबाबदारी माझी.

परत येऊन सगळे ओटीवर बसले. मी काकांना म्हटलं, "त्या घराचा पत्ता लिहून द्याल का? आणि खोलीचा कागद?"

काकांचा चेहरा उतरला. वडील माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पाहुण्यासमोरचं ताट ओढून घेतलं.

"देवाक नारळ ठेवल्यार कागद कसलो मागतंस गो?"

साहेबाकडून नोटीस वाचून घेणारा माणूस हे बोलत होता. साहेब परका होता म्हणून त्याचा कागद वाचायचा आणि हे आपले म्हणून यांचा कागद मागणं पाप. हे चूक आहे हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळूनही माझी जीभ उचलली नाही.

आई तेव्हा मासळीची टोपली धुऊन आली होती. ती दारातूनच म्हणाली, "ता सगळा जाव दे. खोलयेच्या दाराक आतल्यान कडी आसा काय रे?"

"वयनी, थंय चोर नाय. कडी कित्याक व्हयी?" काका म्हणाले.

"मिठबावचो बांगडो चोरूक कोण येतलो थंय!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं आणि ओटी हसली.

"चोराक भियान कडी कोण लावता, मेल्या?" एवढं बोलून आई आत गेली.

नांदगाव स्टेशनवर मला सोडायला अर्धी वाडी आली होती. आईने माझ्या बॅगेत सुक्या जवळ्याची पुडी भरली होती. नको म्हटलं तर म्हणाली, "खाली हात लाव नको, नीट लायलंय." मला वाटलं, पुडी फुटेल म्हणून सांगते.

तिकडे विमानतळावर एक माणूस घ्यायला आला. काकांच्या ओळखीचा तोच. पन्नाशीचा, स्वच्छ कपड्यातला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिसऱ्या मजल्यावरची खोली त्याने आपल्या किल्लीने उघडली. दोन पलंग, एक खुर्ची, खिडकी समोरच्या भिंतीवर उघडणारी. एका पलंगावर केरळची एक नर्स भरदुपारी झोपली होती. रात्रपाळी करून आलेली असणार. दार असं सरळ उघडलेलं बघून ती उठली नाही, ओरडली नाही. तिने फक्त चादर गळ्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या एका हालचालीने मला कळलं, दार असं उघडणं इथे रोजचं आहे.

तो माणूस खुर्चीवर बसला आणि हात पुढे करून म्हणाला, "पासपोर्ट. नोंदणीसाठी."

मी म्हटलं, उद्या सकाळी हॉस्पिटलात दाखवायचा आहे, मग देते. ते खोटं नव्हतं, पण मी ते खोट्यासारखं बोलले. तो खुर्चीवरून उठला. मग "उद्या दुपारी" म्हणून गेला. दार बाहेरून ओढून घेतल्याचा आवाज आला.

मी दाराकडे धावले. आतून कडी नव्हती. कधीतरी असावी. लाकडात चार छोटी भोकं होती आणि त्यांच्यावरून रंग मारलेला होता.

केरळची नर्स उठून बसली. तुटक्या हिंदीत तिने सांगितलं की तिने पासपोर्ट पहिल्याच दिवशी दिला आणि चार महिने झाले, परत मिळाला नाही. तो रोज दुपारी येतो.

"येऊन काय करतो?" मी विचारलं.

"काही नाही. त्या खुर्चीवर बसतो. फोन बघतो. मग जातो."

काही करत नाही. नुसता बसतो. तक्रार कशाची करायची? मारलं असतं तर सांगता आलं असतं. ती म्हणाली की ती दुपारी झोपतच नाही, फक्त डोळे मिटून पडते, आणि पाळीवर सलाईन लावताना आता हात चुकतो. नर्सच्या हाताबद्दल हे ऐकलं आणि माझे हात मी मांडीखाली दाबून धरले.

मी पलंगावर बसले, बॅग दाराला लावली. बॅगेला चाकं होती. कुणी ढकललं की ती सरकणार होती, तरी ती तिथेच ठेवली. बाहेरच्या व्हरांड्यात कुणाच्याही किल्ल्या वाजल्या की आम्ही दोघी बोलणं थांबवायचो. संडास व्हरांड्याच्या टोकाला होता. मी पाणी प्यायले नाही.

संध्याकाळी घरी फोन लावला. वडिलांनी उचलला. "पोचलंस? घर बरा आसा मा?" आणि मागून वाडीतल्या माणसांचे आवाज. मी म्हटलं, बरं आहे. पहिली निघालेली मुलगी मी. मग फोन आईकडे गेला. तिने बाकी काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "कडी नाय ना?"

मी रडायला लागले.

"रडा नको. जवळ्याच्या पुडयेखाली बघ."

पुडीखाली कागदात गुंडाळलेली एक लोखंडी कडी होती. तिच्याबरोबर आठ स्क्रू आणि एक आखूड स्क्रूड्रायव्हर. ओटीवरचे हसत होते तेव्हा तिने मनात काय ठरवलं असेल ते असेल. दुसऱ्या दिवशी मासे विकून येताना तिने बाजारातून ही कडी घेतली होती. गुंडाळलेला कागद म्हणजे वडिलांचं गुलाबी पत्रक होतं. त्यावर ठळक अक्षरात होतं, अंधारात सोडलेल्या उजेडाचा जाब विचारा. मला त्या कागदाचा राग आला. समुद्रातल्या प्रत्येक दिव्याचा जाब विचारणाऱ्या बापाने माझ्या खोलीच्या दाराबद्दल एक ओळ विचारली नव्हती. मग वाटलं, विचारली मी तरी कुठे.

आम्ही दोघींनी रंगाखालची जुनी भोकं नखांनी मोकळी केली. कडीची भोकं त्यांच्यावर बसेनात. नवी पाडावी लागली. ती बुटाने स्क्रूच्या डोक्यावर ठोकायची, मी पिळायची. ठोकल्याचा आवाज झाला की दोघी थांबून कान देत होतो. दार पोकळ होतं, एक स्क्रू लाकडात नुसता फिरत राहिला. माझ्या तळहाताला फोड आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात कागद दाखवून मी परत आले, कारण ती पाळीवरून येऊन एकटी झोपणार होती. दुपारी किल्ल्या वाजल्या. किल्ली फिरली. दार अर्ध्या बोटाएवढं आत आलं आणि कडीवर अडलं.

खूप वेळ काही झालं नाही. मग त्या दारावर टकटक झाली. ती म्हणाली, चार महिन्यांत पहिल्यांदा.

"पासपोर्ट," तो बाहेरून म्हणाला.

"देणार नाही," मी आतून म्हटलं. असं वाक्य मी शंभर वेळा पत्रकात वाचलं होतं. तोंडातून निघताना ते इतकं बारीक निघालं की मला परत बोलावं लागलं. "देणार नाही. हॉस्पिटलात सांगितलंय."

सांगितलं नव्हतं. त्याने दाराला खांदा दिला. फिरणारा स्क्रू सुटून खाली पडला. आम्ही दोघींनी कडीवर हात दाबून धरले, तिचे माझ्या हातांवर, माझे लोखंडावर. तो आणखी दोनदा धडकला, मग जिन्यावरून पावलं उतरली.

आम्ही हात काढले नाहीत. किती वेळ ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलातल्या मुख्य नर्सला, मोठ्या सिस्टरला, वहीच्या पानावर सगळं लिहून दिलं. तिने ते उभ्याने वाचलं, आणि त्याच दिवशी मला हॉस्पिटलच्या वसतिगृहात अडचणीसाठी राखलेला एक पलंग मिळाला. हा काही विजय नाही. केरळच्या नर्सला पलंग मिळाला नाही. ती ठेकेदारामार्फत आलेली होती, हॉस्पिटलच्या यादीत तिचं नाव नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून लिहिलेलं पत्र घेऊन मी पुन्हा गेले तेव्हा मोठ्या सिस्टरने ते न वाचताच माझ्या हातात परत दिलं. सामान उचलायला गेले तेव्हा कडी काढली नाही. सुटलेल्या स्क्रूच्या जागी काडी खुपसून तो घट्ट बसवला आणि निघाले. ती दार लावून घेताना मी बाहेर उभी होते. कडी सरकल्याचा आवाज आला. त्या आवाजाने बरं वाटायला हवं होतं. पण मी बाहेर होते आणि ती आत.

तिचा पासपोर्ट परत मिळायला त्यानंतर कितीतरी महिने गेले. ती त्या खोलीतून गेली. तिच्या पलंगावर आता दुसरी कुणी आहे.

यंदा सुट्टीवर आले तेव्हा काका बाजारात भेटले. मी भर बाजारात विचारलं, "काका, ती खोली तुम्ही बघितली होती?"

"खोली मी खंय बघलंय गो? तेना माका सांगल्यान, मी देवाक सांगलंय."

ते खोटं बोलत नव्हते, आणि मला तेच भयंकर वाटलं. त्यांनी खऱ्या मनाने नारळावर हात ठेवला होता. आम्ही खऱ्या मनाने होकार भरला होता. एवढ्या खऱ्या माणसांत त्या दाराकडे बघून आलेलं एकही नव्हतं. देवाला गाऱ्हाणं घालावं, मी घालते. पण जे काम आपल्या दोन डोळ्यांचं, ते देवावर टाकून घरी येऊन चहा प्यायचा, ही श्रद्धा नव्हे. हा आळस आहे, आणि त्याची किंमत ओटीवर बसलेल्यांना मोजावी लागत नाही.

घरी वडील जाळं विणत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. जाळ्यातली सुई थांबली. मग म्हणाले, "तुझी आवस इचारत होती. आमी हसलंव."

आता आमच्या खालच्या वाडीतली एक मुलगी निघाली आहे. तिलाही त्याच काकांनी खोली बघून दिली आहे, म्हणजे ऐकून दिली आहे. येत्या सोमवारी देवळात नारळ ठेवणार आहेत. मी जाणार आहे, आणि "व्हय म्हाराजा" म्हणायच्या आधी आईचा प्रश्न विचारणार आहे. मला भीती वाटते आहे. देवळात, सगळ्यांसमोर, गाऱ्हाणं तोडून बोलायचं. त्या दारामागे "देणार नाही" म्हणताना माझा आवाज जेवढा होता, तेवढाच तिथेही निघेल की काय अशी भीती आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागते. तुमच्या वाडीतून, तुमच्या घरातून एखादी मुलगी कामासाठी लांब निघाली असेल, तर आज तिच्याकडे जा. ज्या खोलीत ती राहणार आहे, तिथे आज राहणाऱ्या एका तरी बाईशी तिला फोनवर बोलायला लावा आणि विचारा, दाराला आतून कडी आहे का? लोक हसले तर हसू द्या. उत्तर येईपर्यंत तिला गाडीत बसू देऊ नका.