साडूंनी मोजलेलं डिझेल

खरं बोलणारी माणसं जगात पुष्कळ असतील. खरं मोजणारा मात्र मी एकच पाहिला, तो म्हणजे माझे थोरले साडू. नव्वदीनंतरच्या त्या वर्षांत माजलगावला एका परदेशी संस्थेचं पाणलोटाच्या कामाचं ऑफिस होतं. संस्थेच्या शाखा जगभर, आणि आमचे साडू तिथले भांडारपाल. एके दिवशी मुख्यालयाचं पत्र आलं, की आपल्या कारभारानं निसर्गाचं किती नुकसान होतं ते प्रत्येक ऑफिसानं मोजावं आणि कमी करावं. बाकीच्यांनी पत्र फायलीला लावलं. साडूंनी फायलीचंच वजन केलं. त्यासाठी मोंढ्यातून धान्याचा तराजू आणला होता. जीपच्या टाकीत रोज सकाळी वेताची काठी बुडवून ते डिझेल मोजत. कारकुनानं दिवसा दिवा लावला की ओरडत, "परळीला विजेसाठी कोळसा जळायलाय, अन् तुला भर उन्हात उजेड कामून पायजे रं?" कोरा कागद तर त्यांनी बंदच केला, सगळी पत्रं जुन्या कागदांच्या पाठीवर. एकदा एका सरकारी कचेरीला गेलेल्या पत्राच्या मागे साडूंचाच हगवणीमुळे केलेला रजेचा अर्ज होता. तिकडून तो मंजूर होऊन आला.

वर्षअखेरीस त्यांनी अहवाल लिहिला: 'सर्वांत जास्त डिझेल बड्या साहेबांच्या पाहणीदौऱ्यांत जळते. उपाय: साहेबांनी येऊ नये.' मॅनेजर अहवाल घेऊन धावत आला. "अहो, नोकरी जाईल तुमची! हे वाक्य काढा."

"काढतो की साहेब. पन जळालेलं डिझेल टाकीत परत कसं घालू?"

त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, दोन दिवस अबोला धरला, तरी अहवाल जसाच्या तसा गेला. नवल म्हणजे मुख्यालयाला तो लई आवडला. शाबासकीचं पत्र आलं, साहेबांचे दौरे थांबले, आणि वर्षभरानं दुसरं पत्र आलं: ज्या ऑफिसाकडे पाहणीला कुणाला फिरकता येत नाही, ते बंद करावं.

शेवटच्या दिवशी मी सामान आवरायला गेलो होतो. रिकाम्या खोलीत उकिडवे बसून साडू पुढच्या महिन्याचा तक्ता भरत होते. कागद शून्य. वीज शून्य. डिझेल शून्य.

"बगा साडूभाऊ," ते हसून म्हणाले, "एवढं कमी कुनाचंच झालं नसंल."

मग हा तक्ता पाठवायला आता कुणी उरलंच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी तक्त्याची नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.