नानांना न सापडणारा फॉल्ट

फोन आला तेव्हा मी एसटीत होते. धुळ्याहून अमळनेरला जाणारी रविवार सकाळची गाडी, खिडकीजवळची जागा, मांडीवर मामींसाठी घेतलेली केळी. नानांच्या शेजारचे गुलाबभाऊ बोलत होते. ताई, कुठपर्यंत आलीस, असं त्यांनी आधी विचारलं आणि मग सांगितलं की नाना गेले, तासाभरापूर्वी. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. खरं सांगते, मला लगेच रडू आलं नाही. डोक्यात पहिला विचार आला तो हा, की स्वयंपाकघरातला दिवा लागला असेल का? त्यांनी बटण दाबलं असेल, दिवा लागला असेल, आणि रोजचंच आहे म्हणून मामींनी बघितलंच नसेल तर... कारण त्या दिव्यात काय बिघाड आहे हे मला पाच आठवड्यांपासून ठाऊक होतं, आणि मी ते नानांना सांगितलं नव्हतं. आज सांगून टाकायचं असं ठरवूनच मी त्या गाडीत बसले होते.

नाना माझे मामा. नात्याने मामा, पण अख्खं अमळनेर त्यांना नाना म्हणायचं म्हणून मीही नानाच म्हणत आले. स्टेशनकडच्या रस्त्यावर त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्यांच्या मोटारी, लग्नसराईच्या आधी मंडपवाल्यांचे पंखे, सगळं जळकं सामान त्यांच्या दारात येऊन पडायचं. आई गेली तेव्हा मी पाचवीत होते. वडिलांनी मला नाना-मामींच्या स्वाधीन केलं आणि बारावीपर्यंत मी तिथेच वाढले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामींनी माझ्या वेण्या घातल्या, आणि नानांनी, शाळेतून आले की, मला तांब्याच्या तारेचे वेढे मोजायला बसवलं. आज मी धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्याचं मूळ त्या वेढ्यांत आहे. माझा राग नाकावर असतो, हेही माझे विद्यार्थी सांगतील. त्याचं मूळ मात्र नानांत नाही. ते कुणाचं आहे मला माहीत नाही.

आठवीत असताना मी एक छताचा पंखा एकटीने भरला, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळली. वेढे बरोबर, जोड बरोबर, वार्निश सुकलेलं. चालू केला तर पंखा गरागरा फिरतोय, पण वारा छताला देतोय. उलटा फिरत होता. नानांना पहिल्या गिरकीतच कळलं असणार, पण ते काही बोलले नाहीत. तोच पंखा त्यांनी दुकानात आमच्या डोक्यावर टांगला आणि चार दिवस, ऐन चैत्रात, आम्ही दोघं घामाने निथळत त्याच्याखाली बसलो. मी रडले, अबोला धरला, जेवणार नाही म्हणाले. मामी त्यांच्यावर करवादल्या की पोरीला सांगून टाका ना एकदाचं. तरी नाना गप्प. पाचव्या दिवशी मला दोन टोकांची अदलाबदल सापडली, वारा खाली आला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी सांगितलं असतं तर ते माझं ऱ्हायलं असतं. आता हे तुझं."

पुढे शिक्षण, नोकरी, धुळ्यातलं घर. एक तासाचं अंतर, पण माणूस किती सहज लांब जातो... आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला जायचं, एवढाच नेम उरला. फोनवर नाना कधीही, का येत नाहीस, असं म्हणाले नाहीत. काम चांगलं चाललंय ना, एवढं विचारायचे. मला ते सोयीचं होतं. आता ते लिहिताना लाज वाटते, पण सोयीचंच होतं.

यंदाच्या आखाजीला गेले तर घर उतरलेलं दिसलं. दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती. नानांचं हृदय थकलं होतं. जळगावच्या डॉक्टरांनी चालणं-बोलणं कमी करायला सांगितलं होतं, आणि आवाज तर इतका बसला होता की समोर बसूनही कान द्यावा लागे. इकडे मामींचे कान गेलेले. ऐकायचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं होतं. एक बाहेरच्या खोलीत पलंगावर, एक आत ओट्याशी. नानांना पाणी हवं असलं तरी मामी फिरकेपर्यंत वाट बघायची. मला ते बघवेना. मी म्हटलं, उद्याच्या उद्या बाजारातून एक बेल आणि दिवा आणून लावते. नाना हसले. म्हणाले, विकत कशाला, तू तुझ्या पोरांना तो डबा देतेस ना शिकायला, तो मला आण. मी स्वतः करतो. आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "उत्तर सांगायचं नाही."

तर पुढच्या रविवारी मी स्टार्टर किट घेऊन गेले. तळहाताएवढा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, भोकांचा पांढरा ब्रेडबोर्ड, रंगीत वायरी, बटणं, छोटे एलईडी दिवे आणि रेझिस्टरच्या पट्ट्या. माझा जुना लॅपटॉपही दिला. नानांनी सगळं पलंगावरच्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडलं आणि पहिलं काम काय केलं, तर ब्लेड घेऊन एकेका वायरीचं टोक खरवडलं. वाइंडिंगच्या तारेवर इनॅमल असतं, ते खरवडल्याशिवाय करंट जात नाही. चाळीस वर्षांची हाताची सवय. अहो, ही आधीच उघडी आहेत, असं मी तीनदा सांगितलं. हो हो म्हणत त्यांनी चौथी घेतली. मग बोर्ड लॅपटॉपला जोडला तर लॅपटॉप त्याला ओळखेना. अर्धा तास मी ड्रायव्हर शोधतेय, लॅपटॉप बंद-चालू करतेय, स्वतःशी चिडतेय. नानांनी शांतपणे केबल उपसली, मामींच्या कपाटातून दुसरी मागवली आणि जोडली. बोर्डवरचा दिवा लुकलुकायला लागला. माझी केबल नुसती मोबाईल चार्ज करायची होती, तिच्यातून माहिती जातच नव्हती. पंचवीस वर्षं शिकवणारी मी. नाना तोंड दाबून हसत होते आणि त्यांना दम लागत होता, म्हणून मला रागावताही येईना.

त्यांनी ठरवलेली जोडणी सोपी होती. पलंगाशी एक बटण, तिथून लांब वायर बोर्डला, बोर्डापासून आत ओट्यावर, एका डब्याच्या झाकणात बसवलेले तीन पांढरे एलईडी. बटण दाबलं की झाकण उजळणार, मामी बघणार. वायरी त्यांनी मोटारीची कॉइल बांधतात तशा दोऱ्याने गाठी मारून बांधल्या होत्या. इतकी देखणी जोडणी माझ्या एकाही विद्यार्थ्याने कधी केली नाही. प्रोग्राम मी ओळ न ओळ समजावला, त्यांनी एका बोटाने टाइप केला. बटण दाबलं, दिवा लागला. मामींनी पदराला हात पुसत बाहेर येऊन, काय पाहिजे, असं विचारलं, तेव्हा नानांचा चेहरा... तो मी विसरणार नाही.

पण मग कुणी बटण दाबलं नसतानाही दिवा लागायला लागला. कूलर सुरू केला की लागायचा. वायरीजवळून हात नेला की लागायचा. मामी चारदा पळत आल्या आणि पाचव्यांदा आल्याच नाहीत. मला एका नजरेत कळलं. नानांनी बटणाचं एक टोक पाच व्होल्टला आणि दुसरं बोर्डाच्या पिनेला जोडलं होतं, बस. मोटारीच्या माणसाला बटण उघडं म्हणजे बंद, विषय संपला. पण ही पिन तशी नसते. बटण दाबलेलं नसताना तिला कुणी काही सांगतच नाही, मग ती बिचारी अधांतरी लटकते आणि हवेतून जे येईल ते खरं मानते. त्या पिनेपासून ग्राउंडला दहा केचा, म्हणजे दहा हजार ओहमचा, एक रेझिस्टर लावायचा, तांदळाच्या दाण्याएवढा, की ती गप्प बसते. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे दुसऱ्या प्रॅक्टिकलला शिकवते. जिभेच्या टोकावर आलं होतं. नानांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला तो उलटा पंखा आठवला. मी गप्प बसले.

आणि मग दर रविवार. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. नाना मोठ्या गंभीरपणे तक्रार मांडायचे. आज बटण बदलून बघितलं, आज वायर तोकडी केली, आज प्रोग्राम पुन्हा टाइप केला. दिवा आपला मनाला येईल तेव्हा लागतच होता. मी आडून आडून सुचवायची, पट्टीतले रेझिस्टर कशाला असतील बरं, वगैरे. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मधल्या वेळात गप्पा. आईचं बालपण मला पहिल्यांदा या रविवारांत कळलं. ती लहानपणी दुकानातली तांब्याची तार चोरून बांगड्या करायची, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मामी भरीत-पुरी करायच्या, मी दुपारी तिथेच जमिनीवर लवंडायची. इतकी गाढ झोप मला धुळ्यात लागत नाही.

शेवटच्या रविवारी मात्र माझा तोल गेला. कॉलेजात परीक्षा, उन्हाने डोकं फिरलेलं, आणि नाना पुन्हा तेच बटण उलटसुलट करून बघत होते. मी फटकन बोलले की नाना, तुमच्याच्याने हे व्हायचं नाही आता, द्या इकडे, मी करून देते. ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, घाबरल्यासारखे. बोर्ड त्यांनी दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतला आणि म्हणाले, "नको. तू करू नको." मी चहा न घेताच स्टँडवर गेले. आठवडाभर मला ती नजर छळत होती, म्हणूनच ठरवलं होतं की या रविवारी माफी मागायची आणि उत्तर सांगून टाकायचं. पुरे झाला तो हट्ट.

नंतरचे दिवस माणसांच्या गर्दीत गेले. माणसं गेली की मी ओट्यावरच्या त्या झाकणाकडे बघायची. प्रश्न विचारायचा राहिलेला. मामींना काही विचारायचं तर गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं लागतं, आणि हा प्रश्न ओरडायचा नव्हता. माझ्या एका दाण्याएवढ्या उत्तरासाठी तो माणूस बटण दाबत राहिला का, आणि मामी पाठ फिरवून भाजी चिरत राहिल्या का... महिना उलटून गेल्यावर एका रविवारी मात्र राहवलं नाही. मामींच्या समोर बसले, दिव्याकडे बोट केलं आणि ओठ सावकाश हलवत विचारलं, "त्या दिवशी लागला होता का?"

मामींना लगेच कळलं. त्यांनी मान हलवली. बटणाची वेळच आली नाही, असं त्यांनी सांगितलं. नानांना त्या सकाळी चहा त्याच पाजत होत्या, बशी त्यांच्याच हातात होती. दोन घोट घेतले, मामींच्या खांद्यावर मान टेकली, आणि संपलं. माझा बांध तिथेच फुटला. मी हुंदके देत जे साठलं होतं ते बोलून टाकलं, की मला फॉल्ट माहीत होता मामी, पहिल्या दिवसापासून माहीत होता, मी मुद्दाम सांगितला नाही. त्यांना किती ऐकू गेलं देव जाणे. त्या उठल्या, नानांच्या उशाशी हात घालून एक जर्द्याची पत्र्याची डबी काढली आणि माझ्या हातावर उपडी केली. आत एकच रेझिस्टर होता. तपकिरी, काळा, नारिंगी पट्टे. दहा के. पाय ब्लेडने खरवडलेले.

"दुसरा रविवारलेच सापडी गयथा त्यास्ले," मामी म्हणाल्या, त्यांच्या नेहमीच्या, गल्लीला ऐकू जाणाऱ्या आवाजात. "दर शनवारले काढी ठेवेत, सोमवारले परत लाई देत. म्हनेत, फॉल्ट निंघी गया ते ती कसाले यी?"

म्हणजे सोमवार ते शनिवार दिवा अगदी शहाण्यासारखा चालत होता. मामी त्याच्याकडे बघून नानांना पाणी देत होत्या, चहा देत होत्या. शनिवारी संध्याकाळी नाना तो रेझिस्टर उपसायचे आणि रविवारी माझ्यापुढे अडाण्यासारखे बसायचे. दुरुस्त झालं तर ही कशाला येईल, एवढंच त्यांच्या मनात. आणि मी, मोठी धीराची, उत्तर पोटात दाबून त्यांना शिकवत बसले होते. मी करून देते म्हटल्यावर ते का घाबरले, ते मला त्या डबीपाशी कळलं. जाण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारीही, तो त्यांनी माझ्यासाठीच काढून ठेवला होता.

बऱ्याच वेळाने मी डोळे पुसले आणि उठले. हाताला काहीतरी काम हवं होतं. ब्रेडबोर्ड पुढे ओढला, पिनेचं भोक शोधलं आणि मामींना खुणेने सांगितलं की लावते हां, दिवा आता उगाच लागायचा नाही. मामींनी माझ्या बोटांतून तो रेझिस्टर काढून घेतला, डबीत टाकला, झाकण दाबून बसवलं.

"आज नको, माय," त्या म्हणाल्या. "पुढला रविवारले लावजो."

त्यानंतर चार रविवार झाले. अजून लावायचाच आहे.