वाफेनंतरची दुसरी पूजा

मार्गशीर्ष पौर्णिमा, सकाळ. हजर: आमचे हे, मी, लेक आणि भटजी. थोरले भाऊजी आणि जाऊबाई खाडीपलीकडे दिघीला असतात. त्यांना मुद्दामच बोलावलं नव्हतं. पूजा सत्यनारायणाची, पण माझ्या लेखी ती रंगीत तालीम होती.

लेकीचं लग्न माघात. कन्यादानाला आईबाप जोडीनं पाटावर बसतात आणि मंत्र चालू असताना उठत नाहीत. यांना मात्र घटकाभरही धड बसवत नव्हतं. प्रोस्टेटची गाठ वाढलेली, सारखं लघवीला लागायचं. नारळ उतरवणाऱ्याशी बोलता बोलता मध्येच वाडीच्या टोकाला पळायचे. आगरदांड्याहून बोटीनं भावाकडे जायचं, तर आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. गोळ्यांनी उठताना भोवळ यायची. शेवटी त्यांनी परस्पर फोन लावला, "दादा, कन्यादान तूच कर." त्यांच्याबरोबर माझाही पाट गेला, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. जाऊबाईंनी तर साडीही घेतली.

मी गप्प बसणारी नव्हे. अलिबागला डॉक्टरांची वेळ घेतली, तपासण्या उरकल्या.

"मोठं ऑपरेशन नको असेल तर वाफेचा उपचार तुम्हाला चालण्यासारखा आहे," डॉक्टर म्हणाले. "लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून वाढलेल्या भागात वाफ सोडतात. टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. काहींना पुढे गोळी लागते, काहींना पुन्हा उपचार. तेही ऐकून ठेवा."

"वाफेवर मोदक ऐकलेत," हे म्हणाले.

"हे मोदक जरा उशिरा होतात."

आम्ही दोघंही हसलो. उशिरा म्हणजे किती, ते विचारायचं राहून गेलं.

पनवेलला उपचार झाला. काही दिवस लघवीची नळी होती. आमच्याकडे माणूस दवाखान्यातून सुखरूप आला की सत्यनारायण घालतात. यांनी तर नवसच बोलला होता: नळी निघाली की पूजा. त्यामुळे नळी निघाली आणि कोजागिरीच्या आतच चौरंग मांडला. दुसऱ्या अध्यायात हे उठले. तिसऱ्यात पुन्हा. जळजळ इतकी, की परतले तेव्हा डोळ्यांत पाणी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पैसे घालून दुखणं वाढवून आणलंत हो!"

यांनी त्याच दुपारी भावाला सांगितलं, "ठरलंय तेच ठेव."

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. आतली सूज उतरायला आणि वाफेनं मेलेला भाग शरीरानं काढून टाकायला बरेच आठवडे जातात, आधी त्रास वाढतोही, असं त्यांनी नीट समजावलं. घरी येऊन यांना म्हटलं, "अहो, मोदकाचं झाकण आपणच आधी उघडलं. आता हात लावायचा नाही."

दिवाळीनंतर जळजळ गेली. मग धार सुधारली. तुळशीच्या लग्नाला रात्री एकदाच उठले, तेही मला न उठवता. पाणी प्यायला लागले. एक गोळी अजून आहे, पण आता भोवळ येत नाही. म्हणून आज भटजींना सांगितलं, काही गाळू नका, सावकाश होऊ द्या.

"यजमान, आज पळापळ नाही ना?" भटजींनी विचारलं.

"तुम्हीच दमाल," हे म्हणाले.

पाचवा अध्याय संपला. आरती झाली. प्रसादाचा द्रोण रिकामा करून, हात धुऊन, मग हे सावकाश मागच्या दारी गेले. ते परत आल्यावर लेकीनं विचारलं, "बाबा, मग माझा हात तुम्हीच देणार ना?"

"दुसरा कोण देणार?" हे म्हणाले, जणू मधलं काही झालंच नव्हतं.

चौरंग उचलला, केळीचे खांब वाडीत टाकले, भटजींचा शिधा दिला. भाऊजी समजून घेतील. धाकट्याचं ते कधी मनावर घेत नाहीत. प्रश्न जाऊबाईंचा आहे. साडी खरंच सुंदर आहे, मी स्वतः तसं म्हणाले होते. त्यांना फोन करायचा अजून राहिलाय.