शेजारची पात

"नाही मनली, ते आयकलं मी. काहून नाही, ते सांग."

"बरं नाही वाटून राहिलं, काकी."

"बरं नाही वाटत तं सकारी सायकल हानत गिरनीवर कोन गेलतं? तुहं भूत?"

रेणूनं मान खाली घातली. चंद्रकलाकाकी अंगणातल्या खाटेवर बसली होती. तिचा उजवा हात नवऱ्याच्या जुन्या दुपट्ट्यानं गळ्याशी बांधलेला होता. मधूनमधून ती डाव्या हातानं तो उचलायची आणि मांडीवर नीट ठेवायची, झोपलेलं लेकरू सरकवावं तसा.

आतून चहा घेऊन आलेली गिरजाबाई, म्हणजे रेणूची माय, मध्येच बोलली, "जाईन ना वं, काहून नाही जाईन? तुमीच तं तिले रोवनं शिकवलं."

"तू चूप राय, गिरजे. पोरीले बोलू दे."

पोरीला बोलता आलं असतं तर काकीला इथवर यावंच लागलं नसतं. काकीची धानाची एकच बांधी, म्हणजे बांध घातलेलं खाचर, तीही नहराच्या शेपटाला, कालव्याचं पाणी शेवटी पोचतं तिथं, म्हणून दरवर्षी तिची रोवणी सगळ्यात मागून. यंदा तिचा नवरा यादोराव बांधीत चिखल करून तयार बसला होता. परे, म्हणजे धानाची रोपं, जून व्हायला लागले होते. जून परे लावले तर फुटवे धरत नाहीत, हे सिहोऱ्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि बायांची सगळी टोळी हुंडा, म्हणजे रोवणीचं ठोक काम, घेऊन नदीपलीकडच्या गावांत गेलेली. गावात रोवणारी एकच मोकळी होती, ती म्हणजे रेणू. काकीचा हात गेला त्या दिवसापासून ती चिखलात उतरली नव्हती. विचारलं की कॉलेजचं नाव सांगायची. कॉलेज तर गेल्या वर्षीही होतंच.

आणि गेल्या वर्षी अख्खा गाव याच रेणूच्या मागे लागला होता.

बारावीच्या निकालानंतर ती पहिल्यांदा टोळीत गेली. नवी पोरगी म्हणून काकीनं तिला आपल्या शेजारची पात दिली. पात म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याची रोवायची पट्टी. बाया ओळीनं वाकून उभ्या राहतात आणि रोवत रोवत मागे सरकतात. काकीनं तिला बोटं धरून दाखवली, "खुपसू नको, बसव. लेकराले पाटावर बसवते तसं." रेणूनं बसवलं. कोणाचाही धान लावला की आधी पिवळा पडतो, माना टाकतो, चारसहा दिवस रुसतो, मग धरतो. रेणूच्या पातीतला धान त्याच सांजेला ताठ उभा राहिला, हिरवागार. रीना नावाची तिची मैत्रीण टोळीत होती, तिनं मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि गावभर पाठवला. मग काय, पोरीच्या हाताला गुण आहे असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. शेतमालक हुंडा ठरवायच्या आधी विचारायचे, "रेणू येऊन राहिली ना?" गिरजाबाई पाण्याला निघाली तरी लग्नाला निघाल्यासारखी चालायची.

रेणूला मात्र दोन गोष्टी माहीत होत्या, गावाला माहीत नव्हत्या. एक, दिवसभर वाकूनही ती थकत नव्हती. बाया कमरेला हात लावून "आई वं" करत घरी निघायच्या आणि ही बांधाच्या धुऱ्यावरून उड्या मारत जायची. दुसरी गोष्ट रीनामुळे कळली. रीना तिच्या शेजारी रोवत होती. दुपारी हात झटकत म्हणाली, "माह्या हातावर मुंग्या निंगल्या वं, बोटं हायेत का गेले?" चिखलात राहून कोणाच्याही हाताला मुंग्या येतात, त्याचं काय एवढं. दुसऱ्या दिवशी रेणूच्या शेजारी दुसरी बाई होती. दुपारी तीही हात झटकायला लागली. तिसऱ्या दिवशी तिसरी.

रेणू समजली. आपण परा चिखलात बसवतो तेव्हा शेजारणीच्या हातातून काहीतरी निघतं, आपल्या खांद्यातून उतरतं आणि बोटांतून मुळांत जातं. तिला ते लागायचं सुद्धा. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी घशाखाली उतरावं, तसं गार आणि गोड.

ती कोणाला बोलली नाही. रोज जागा बदलायला लागली. आज हिच्या शेजारी, उद्या तिच्या. रात्रभर झोपलं की बायांचे हात जागेवर येत. रेणूनं मनाची समजूत घातली, कोणाच्या घरून वाटीभर साखर आणली म्हणून काय ते घर बुडते? फक्त ही साखर विचारून आणलेली नव्हती, एवढं ती समजुतीतून वगळायची.

यंदाच्या हंगामात एका मोठ्या शेतमालकाचं काम निघालं. नहराचं पाणी बंद होणार होतं आणि बांध्या त्याच दिवशी उरकायच्या होत्या. सकाळी पाती वाटताना रेणू आपणहून काकीच्या उजवीकडे जाऊन उभी राहिली. काकी टोळीत सगळ्यात दणकट. एका हातानं पोतं उचलणारी, रेड्याला शिंगाला धरून मागे लोटणारी. तिचं थोडं जास्त गेलं तर काय होते, असं रेणूला वाटलं. याच वाटण्यावर ती पुढे रोज रात्री कूस बदलत राहिली. चुकून उभी राहिली असती तर गोष्ट वेगळी होती. ती निवडून उभी राहिली होती.

दुपारनंतर ते लोंढ्यानं यायला लागलं. रेणूची पात इतकी पुढे गेली की मालक धुऱ्यावर येऊन उभा राहिला आणि बाकीच्या बायांना म्हणाला, "पाहा वं, ह्याले मनतात हात." रेणूनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. काकीचा हात जड झाला होता. परा बसवायला ती दोनदा खाली जात होती. रेणूनं ठरवलं, त्या धुऱ्यापर्यंत जायचं, मग जागा बदलायची. धुरा आला. मालक अजून पाहत होता. मग पुढच्या धुऱ्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी काकी उठली तेव्हा हात खांद्यापासून लोंबत होता. तुमसरच्या एका डॉक्टरनं शीर दबली म्हटलं, दुसऱ्यानं लकवा म्हटलं. तेलं झाली, सुया झाल्या. हात होता तसाच राहिला.

रेणूनं मायला सांगितलं. गिरजाबाईनं आधी दार लावलं. "हे तोंडातून काढजो नको," ती म्हणाली. "लोक जादूवाली मनतीन. मंग लग्न तं सोड, पान्यावर जाऊ देनार नाहीत." आणि त्या दिवसापासून ती काकीच्या घरी काही ना काही पोचवायला लागली. एक दिवस पोहे, एक दिवस लाखोळीची डाळ. डबा नेऊन द्यायचं काम रेणूकडे. डबा उंबऱ्यावर ठेवायचा, काकी हाक मारायच्या आत वळायचं.

आता काकीच उंबरा ओलांडून आली होती.

"मले फक्त एवढं सांग," काकी म्हणाली, "माह्या बांधीत काही खराबी हाये का माह्या तोंडात?"

रेणू खाली बसली. काकीपासून लांब, तुळशीच्या पलीकडे.

"काकी, तुहा हात मी नेला."

"रेणू," गिरजाबाईनं चहाची बशी काकीजवळ खाटेवर टेकवली. "तापात बरळते वं ती, बाई. कालपासून..."

"ताप नाही मले. मी ज्याच्या बाजूले रोवतो ना काकी, त्याच्या हातातलं जाते. धान त्याच्यानं उठते. मले मालूम होतं. त्या दिवशी तू दणकट हायेस मनून तुह्या बाजूले आली. तुहा हात जड झाला तेबी पाहिलं. मी थांबली नाही."

काकीनं डाव्या हातानं बशी उचलली. थोडा चहा प्याली, थोडा लुगड्यावर सांडला. पुसायला हात रिकामा नव्हता, म्हणून तसाच राहू दिला.

"मालूम हाये," ती म्हणाली.

गिरजाबाई जाऊन अंगणाचं फाटक लावून आली.

"माहा हात मी ओळखत नाही का? पन्नास वर्षं वापरला. कोनी वढून राहिलं अन आपोआप गेला, ह्यातला फरक समजत नाही का मले? तवापासून वाट पाहून राहिली, पोरगी कवा येते. पोरगी नाही आली. पोहे आले. दाळ आली. परवा तं वड्याबी आल्या, त्यात मीठ नव्हतं, गिरजे."

गिरजाबाई पदराचं टोक चावत उभी राहिली.

"मंग गावात काहून नाही सांगितलं?" रेणूनं विचारलं.

"सांगून मले काय भेटते? लोक तुमच्या घरावर येतीन, तुह्या मायची चूल फोडतीन. माही बांधी पडितच राहीन." काकीनं बशी खाली ठेवली. "माहा हात तुह्यापाशी हाये ना? मंग माह्या बांधीत तोच रोवंल. दुसरा काहून शोधू मी?"

"बाजूले जो असंन त्याचाबी जाईन, काकी."

"अन बाजूले कोनी नसंन तं?"

रेणूनं तसं कधी केलंच नव्हतं. कोणीच करत नाही. एकटीनं सोंगता येतं, निंदता येतं, पण रोवणी म्हटली की ओळ लागतेच. एकटीनं रोवायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

"सकारी ये," काकी म्हणाली. गळ्यातला हात सावरला आणि निघाली.

सकाळी यादोरावनं पऱ्यांच्या जुड्या बांधीभर फेकून ठेवल्या होत्या. "येकटीच?" त्यानं विचारलं. "बाकीच्या बाया मांगून येऊन राहिल्या का?"

"तुमी पारावर जा, बिडी फुका," काकी म्हणाली. "बोलावलं का या."

"माह्याच बांधीतून मले हाकलून राहिली."

"चिखल माहा नाही, बांधी तुमची नाही, तिच्या हवाली केली आज. जा."

काकी स्वतःही दूरच्या धुऱ्यावर, बाभळीखाली जाऊन बसली. रेणू एकटी पाण्यात उतरली. पहिल्या जुडीतले परे बसवले. ते चार जणींच्या हातचे असतात तसेच झुकले, पाण्याला टेकले. रेणूचा जीव एवढा हलका झाला की तिला हसू आलं. गेलं वाटते, म्हणाली. बला गेली.

एक ओळ झाली, दुसरी झाली. मग पहिल्या ओळीनं मान वर केली. त्याच वेळी रेणूच्या खांद्यात कोणीतरी दोरी घातल्यासारखं ओढलं आणि दंडातून खाली, कोपरातून, मनगटातून काहीतरी निघत गेलं. गार नव्हतं, गोडही नव्हतं. बोटांना मुंग्या आल्या. ती तशीच वाकून उभी राहिली. रीनाला हे झालं होतं. त्या बाकीच्या बायांना झालं होतं. काकीला तर धुऱ्यामागून धुरा झालं होतं, आणि रेणू शेजारी राहून मोजत होती, आपली पात किती पुढे गेली ते.

"काय झालं?" काकी लांबून ओरडली.

"काही नाही."

"मंग उभी काहून? परे माहेरचे हायेत का, गळ्यात पडून राहिली त्यायच्या?"

रेणूनं जुडी उजव्या हातात घेतली आणि डाव्यानं रोवून पाहिलं. परा आडवा बसला.

"तसंच होते," काकी म्हणाली. "मी भात तसाच खातो आता, अर्धा ताटात, अर्धा लुगड्यावर."

डावा हातही थोड्या वेळानं बधिर व्हायला लागला. रेणू पुन्हा उजव्यावर आली. थांबता आलं असतं, हे तिला प्रत्येक ओळीला दिसत होतं. काकीला मात्र त्या दिवशी ते कोणी दाखवलं नव्हतं.

दुपारी काकीनं फडक्यात बांधलेला भात आणि आंबाडीची भाजी धुऱ्यावर ठेवली आणि स्वतः मागे सरकली. "ये, मी दूर सरकतो."

रेणूनं हात धुतले. घास तोंडाशी नेईपर्यंत शितं बोटांतून गळत होती. काकी पाहत होती.

"मुंग्या?"

"हो."

"खांद्यापर्यंत?"

"कोपरापर्यंत."

"खांद्यापर्यंत आल्या का थांबजो. उद्या बाकीचं करशीन. गावात लुला हात येक पुरे, दोन घेऊन मी काय करू?"

रेणूनं खालमानेनं विचारलं, "राग हाये ना काकी, तुले?"

"हाये तं. रोवनी झाल्यावर जाईन असं नको समजू." काकीनं आपला हात उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला. "अन ते पोहेगिहे बंद करायले सांग तुह्या मायले. डबे परत करायले मले हात नाही."

रेणूनं फडकं गुंडाळून धुऱ्यावर ठेवलं. सकाळच्या ओळी मागे हिरव्या उभ्या होत्या, लांबून दिसाव्यात एवढ्या. पुढे चिखल तसाच पडला होता आणि जुड्या उन्हात कोमेजायला लागल्या होत्या. ती पाण्यात उतरली. जुडीची गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडली, आणि वाकली.