सेंट ब्रँडनपर्यंतच

माझ्या बायकोनं मला भर समुद्रातून परत ओढून आणलं, असं आमच्या घराण्यात सगळे मानतात. लग्नात, बारशाला, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना कुणी ना कुणी तो विषय काढतंच. "वारा कसला घेऊन बसलात, वहिनीचा पदर त्याहून लांब!" असं म्हणून हसतात. तीही हसते. मी पाण्याचा पेला उचलतो, नाहीतर बाहेर कुत्रा का भुंकतोय ते बघायला जातो. इतकी वर्षं मी एवढंच केलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी आमच्या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, ग्रां बेला, होड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये कामाला होतो. पेती राफ्रेहून उसाच्या शेतांमधून सायकलनं जायचं आणि दिवसभर परदेशी होड्यांच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, फळ्यांच्या फटींत सूत ठोकून भरायचं, रंग द्यायचा. आमच्या थंडीत या शिडाच्या होड्या ऑस्ट्रेलियाकडून यायच्या, थोड्या विसावायच्या आणि वादळांचे महिने लागायच्या आत रेयुनियोंवरून आफ्रिकेकडे निघून जायच्या. माझ्या हातचा रंग लागलेली होडी प्रवाळाच्या कड्यातल्या वाटेतून बाहेर पडली, की मी ती ठिपका होईस्तोवर बघत राहायचो. मुकादम ओरडायचा, "शीड बघून पोट भरतं होय रे?"

आफ्रिकेचं मला काही नव्हतं. माझी ओढ उत्तरेकडची होती. बाबा म्हणायचे, "आपली माणसं कोकणातून आली ती जहाजाच्या पोटात बसून. समुद्र कसा असतो ते त्यांनी बघितलंच नाही. कुणीतरी वर बसून, डोळे उघडे ठेवून परत जायला पाहिजे." हे ते ऊस तोडताना म्हणायचे, जेवताना म्हणायचे. दुसरं कुणी मनावर घेत नसे. मी घेतलं.

आणि एके वर्षी तशी होडी आली. लाकडी, दोन डोलकाठ्यांची. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं एक उतारवयाचं जोडपं तिच्यावर राहत होतं. त्यांना आफ्रिकेला जायचं नव्हतं. सेंट ब्रँडनची बेटं, तिथून चागोसच्या बाजूनं मालदीव, मग कोची, आणि हवा निवळली की किनाऱ्याकिनाऱ्यानं वर रत्नागिरीकडे. तिसरा माणूस हवा होता. मी हातातला ब्रश खाली ठेवला आणि विचारलं. कॅप्टननं माझे हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाला, "झोप कमी लागते का तुला?" मी हो म्हणालो. ते पहिलं खोटं.

आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. बायको सूयाकची. तिकडे दक्षिणेला प्रवाळाचा कडा किनाऱ्याला आडवा येत नाही, लाटा सरळ काळ्या खडकावर येऊन आपटतात. तिचे वडील त्याच पाण्यात मासे धरायला जायचे. आमच्या उत्तरेचं उथळ निळं पाणी पहिल्यांदा बघून ती म्हणाली होती, "याला समुद्र म्हणता होय तुम्ही? हे तर आमच्याकडचं डबकं." मी जाणार म्हटल्यावर ती रडली नाही की रुसली नाही. दुसऱ्या दिवशी सायकलच्या मागं बसून होडी बघायला आली.

मग तयारीचे आठवडे. एवढे सुखाचे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. मी आणि कॅप्टन डोलकाठीवर चढून एकेक दोर तपासायचो, झिजलेला बदलायचो. पाण्याचे डबे धुऊन भरायचे, एकदा भरलेले चव बघून परत ओतून द्यायचे. बायको आणि कॅप्टनची बायको डेकवर शीड पसरून बसायच्या. एकीला दुसरीची भाषा धड येत नव्हती. पण तळहातावर चामड्याचा पट्टा बांधून जाड सुई कशी रेटायची, हे त्या बाईनं तिला एका दुपारीत शिकवलं. जिथं शीड दोराला घासतं तिथं दुहेरी ठिगळ लावायचं. ती सगळी ठिगळं हिच्या हातची. शिवाय अंड्यांना तूप चोळून भुशात ठेवणं, लिंबाचं लोणचं, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, लाल भोपळे, मागच्या कठड्याला टांगायला हिरव्या केळ्यांचा घड. एकदा शीड शिवता शिवता मान वर न करता तिनं विचारलं, "रात्रीचं सुकाणू धरताना कशाकडे बघतात हो?" मी म्हटलं, "ताऱ्याकडे." "आणि ढग आले तर?" मी वरचा ढग बोटानं दाखवून कॅप्टनच्या बायकोला विचारलं. तिनं स्वतःच्या गालावर हात ठेवून फुंकर मारून दाखवली. वारा गालावर कुठं लागतो ते लक्षात ठेवायचं. हिनं तसं करून बघितलं आणि दोघी हसल्या.

निघायच्या आठवड्यात बाबा आले. धोतर, वर कोट, हातात सोललेला नारळ. त्यांनी कॅप्टनला क्रेओलमध्ये, आमच्या बेटावरच्या बोलीत, बजावलं, "पौर्णिमेआधी नाही निघायचं. श्रावणी पौर्णिमेला नारळ दिला की समुद्र शांत होतो. मग खुशाल जा."

कॅप्टन हसला. "अहो, हे दिवस तर इथले सगळ्यात जास्त वाऱ्याचे. शांत कुठला होतोय?"

"तुमच्या पुस्तकात नसेल. आमच्यात चालत आलंय."

कॅप्टननं मान राखली. तशीही एका दोराची वाट बघायचीच होती.

आता कळतं. बाबांचं पंचांग कोकणच्या समुद्राचं होतं. तिकडे श्रावणात पाऊस ओसरतो, पाणी निवळतं. इकडे विषुववृत्ताच्या खाली आलं की ऋतू उलटे. ऑगस्टमध्ये आग्नेयेचा वारा ऊस आडवा करतो. आमच्या माणसांनी देव आणले, सण आणले आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्याच समुद्राचं वेळापत्रकही आणलं. उसात राबणाऱ्यांना त्यानं काही फरक पडला नाही, म्हणून ते कधी तपासलंच गेलं नाही. आणि मी, रोज होड्यांमध्ये वावरणारा, मी कॅप्टनवर नव्हे, बाबांवर विश्वास ठेवला.

पौर्णिमेला बाबांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नारळ सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडकडे गेलो तर तो वाळूवर पडलेला. कड्याच्या आतलं पाणी ते, तिथं टाकलेलं सगळंच परत येतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी आजूबाजूला कुणी बघतंय का ते पाहिलं. मी तो नारळ उचलून शेडमागच्या झुडपात फेकला आणि कुणाला बोललो नाही.

निघालो त्या दिवशी सगळा वाडा किनाऱ्यावर आला होता. आई पदर डोळ्यांना लावून उभी. बहीण ओरडत होती, "दादा, साडी आण रे तिकडून!" बायको गुडघाभर पाण्यात येऊन उभी राहिली आणि फक्त म्हणाली, "सगळं बघून या. आल्यावर मला सगळं सांगायचं तुम्ही."

कड्याच्या वाटेतून बाहेर पडलो आणि पहिल्याच लाटेनं होडी कुशीवर गेली. मग ती सरळ अशी झालीच नाही. वारा उजवीकडून, पाणी डेकवरून, चुलीवर भांडं ठरेना. पहिला दिवस मी ओकत काढला. त्याची लाज नाही, सगळेच ओकतात. मधे ढग फाटला तेव्हा मी सुकाणूवर होतो. होडी लाटेच्या उताराला लागली, हाताखाली सुकाणू जिवंत जनावरासारखं थरथरलं, आणि मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्यानं ओरडलो. तो आनंद अजून माझ्या मनगटात आहे. आजही ऑगस्टचा वारा सुटला की हात दुखतात, आणि मी म्हणतो, संधिवात.

दुसऱ्या पहाटे वारा वाढला. कॅप्टननं खाली हाक मारली. शीड आवळून कमी करायचं होतं, त्यासाठी कुणीतरी सुकाणू धरायला हवं होतं. पाळी माझी होती. मी शिडीपर्यंत गेलो. वर बघितलं तर मागून येणारी लाट डोलकाठीच्या निम्म्यात दिसली, आणि मला वाळूवरचा तो नारळ दिसला. आपला नारळ घेतलेला नाही. आपल्यासाठी समुद्र उघडलेला नाही. हे असं शब्दांत डोक्यात आलं. मी शिडीवरून उतरलो, पोत्यांच्या मधे जाऊन बसलो आणि दोन्ही हातांनी एक खांब धरला.

"ये! वर ये!" कॅप्टन ओरडत होता.

मी गेलो नाही. शेवटी त्याची बायको, नुकतीच सुकाणूची पाळी संपवून पडलेली, ओल्याच कपड्यात माझ्या पायांवरून ओलांडून वर गेली. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सेंट ब्रँडन येईपर्यंत माझ्या सगळ्या पाळ्या तिनं केल्या. आमची माणसं जहाजाच्या पोटात बसून आली तसाच मी बसून राहिलो. त्यांना निदान कुणी वर बोलावलं नव्हतं.

सेंट ब्रँडन म्हणजे वाळूची चिमूटभर बेटं, कोळ्यांच्या झोपड्या आणि वाळत घातलेले मासे. नांगर पडला तशी हवा मऊ झाली. कॅप्टन रागावला नाही. कॉफी ओतत म्हणाला, "इथून पुढं बेट लवकर येत नाही, मुला. इथून तुला परत जाता येईल." मला वाद घालता आला असता. वर येतो म्हणता आलं असतं. मी गाठोडं बांधलं. ती होडी उत्तरेला गेली तेव्हा मी खारवलेल्या माशांच्या ढिगाशेजारी उभा होतो.

मासे न्यायला आलेल्या जहाजानं मी पोर्ट लुईला उतरलो. घरी पोचलो तर दारातच आईनं विचारलं, "का रे? काय झालं?" तिच्या मागं बायको उभी होती, हात पिठाचे. बाबा ओट्यावरून उठत होते. मी म्हणालो, "हिची काळजी वाटली. राहवलं नाही."

आई कपाळावर हात मारून म्हणाली, "घ्या! बांधलंन पदराला!" पण मी बायकोकडे बघत होतो. ती लाजली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. एवढा समुद्र टाकून आपल्यासाठी माणूस परत आला, असं तिला वाटलं. त्या जोरावर तिनं पुढची सगळी वर्षं टोमणे झेलले. बाबा गेले ते तिच्याशी जरा तुटक राहूनच. नातं निघावं, भांडण व्हावं, कुठूनही तो पदर यायचाच.

परत आल्यावर पहिले काही दिवस ती विचारायची. लाटा केवढ्या होत्या, शीड कसं टिकलं, गालावर वारा लागतो का. मी तुटक बोलायचो. मग तिनं विचारणं सोडलं.

गेल्या वर्षी आई वारली. शेवटच्या दुखण्यातही ती सुनेच्या हातून पेज घेताना बोलली, "माझा एकच मुलगा निघाला होता, तूच धरून ठेवलास." ही म्हणाली, "हो, सासूबाई. अजून एक चमचा घ्या." तेरावं झाल्यावर मला गप्प बसणं जमेना. ती परसात भाजी निवडत बसली होती. मी समोरच्या दगडावर बसून सगळं सांगितलं. नारळ, शिडी, पोती, ती बाई माझ्या पायांवरून गेली ते.

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी नव्हता आलात."

"नाही."

"मला वाटायचं, निदान तेवढं तरी आहे." ताट बाजूला ठेवून ती आत गेली. कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी चहा ठेवताना म्हणाली, "तुमच्या बहिणीला सांगा. माझ्यासमोर."

बहीण रिव्हिएर दू रांपारला दिली आहे. आम्ही बसनं गेलो. जेवणं झाल्यावर मी पुन्हा सगळं सांगितलं, काही न वगळता. बहीण ऐकता ऐकता हसायलाच लागली. "आयो, दादा! आरेते! पुरे! एवढ्या वर्षांनी वहिनीनं पढवून आणलंय काय तुला? बायकोला वाचवायला स्वतःला भित्रा म्हणवून घेतोस?" मेहुणे म्हणाले, "असा नवरा मिळायला भाग्य लागतं बघा, वहिनी." मी शपथ घेतली. ते आणखीच हसले. माझं खोटं त्यांनी एका वाक्यात मानलं होतं. खरं मात्र कितीही सांगितलं तरी त्यांच्या गळी उतरेना. म्हणून हे लिहिलं आहे. हसत हसत सांगितलेलं नाही, आणि तिनं पढवलेलं नाही.

बसथांब्यावर वारा होता. बस यायला वेळ होता. ती बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेतली. मला वाटलं, आता रडेल.

"शीड फाटलं नाही ना?" ती म्हणाली.

"नाही. मी उतरलो तोवर एक टाकासुद्धा उसवला नव्हता."

तिनं मान हलवली. मग थोडी माझ्याकडे वळून बसली. "बरं. कड्याच्या वाटेतून बाहेर पडलात. पुढं?"

मी सांगायला लागलो. पहिल्या लाटेला होडी कशी कुशीवर गेली ते. ती मधेच थांबवायची. "वारा कुठून? थांबा, मग शीड कुठल्या अंगाला होतं?" सुकाणू हाताखाली थरथरलं ते सांगताना मी मनगट चोळत थांबलो, तर ती म्हणाली, "थांबू नका. मी असते तर धरलं असतं. सांगा."

बस आली. आम्ही दोघांनीही हात केला नाही, ती न थांबता पुढं निघून गेली, आणि मी अजून दुसऱ्या पहाटेपर्यंत पोचलो नव्हतो.