नव्या मानकातलं फडकं

आमच्या तपासणी प्रयोगशाळेत चकतीताईंचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी सगळे, अगदी संचालकसुद्धा, त्यांना चकतीताईच म्हणत. एकोणीस वर्षं त्या एकच काम करत आल्या होत्या. तळहाताएवढी पोलादी चकती यंत्रावर चढवायची, ती फिरवायची, तिच्यावर एक बोथट पिन दाबून धरायची आणि चकतीवरचा लेप किती फेऱ्यांत झिजतो ते मोजायचं.

हा लेप म्हणजे कोरडं वंगण. भट्टीच्या दाराची बिजागरी म्हणा किंवा थंडीत तेल गोठून बसतं अशी यंत्रं म्हणा, जिथे तेल घालून भागत नाही तिथे काळसर भुकटीचा पातळ थर चढवतात. थर आहे तोवर सगळं सुरळीत. तो गेला की धातूवर धातू घासतो आणि यंत्र किंचाळायला लागतं. मी शेजारी वजनकाट्याच्या खोलीत बसायचो. भिंत पातळ, त्यामुळे ते किंचाळणं मलाही पाठ झालं होतं. पण चकतीताईंना ते माझ्या दहा मिनिटं आधी ऐकू यायचं. चहा अर्धा टाकून त्या उठत, "गेला" म्हणत आणि यंत्र बंद करत.

ही चाचणी कशी करावी हे सांगणारं मानक चार पानांचं होतं आणि फार जुनं झालं होतं. ते नव्याने लिहायचं ठरलं, समिती नेमली गेली आणि समितीने आधी एकाच घाण्यातल्या चकत्या सहा प्रयोगशाळांना पाठवल्या. मानक एक, चकत्या एक, तेव्हा आकडाही साधारण एकच यावा अशी भाबडी अपेक्षा होती. आमच्याकडे चौऱ्याऐंशी हजार फेऱ्या भरल्या. दुसरीकडे बावन्न हजार, तिसरीकडे एकतीस, एके ठिकाणी एक लाख दहा हजार. आणि एका प्रयोगशाळेत फक्त नऊ हजार.

तिथले तपासनीस म्हणजे भरघोस मिशांचे, ताठ कण्याचे गृहस्थ. संध्याकाळपर्यंत सहाही प्रयोगशाळांत त्यांना 'नऊहजारी' ही पदवी मिळाली होती. त्यांच्या कानावर ती गेलीच. त्यांनी तीन पानी पत्र लिहून कळवलं की यंत्र उत्तम आहे, चकत्या प्रवासात बिघडल्या असाव्यात. सगळ्यांना पुन्हा चकत्या पाठवल्या. पुन्हा नऊ हजार. तिसऱ्यांदा पावणेनऊ. माणूस चुकत होता, पण शिस्तीत चुकत होता.

आमचा आकडा मात्र तिन्ही वेळा त्र्याऐंशी ते पंच्याऐंशीच्या आत. त्यामुळे समितीच्या सचिवबाई वही घेऊन चकतीताईंच्या शेजारी येऊन बसल्या. त्या झिजेच्याच विषयात डॉक्टर झालेल्या, बोलायला कमी आणि बघायला पक्क्या. चकतीताईंनी त्यांना बजावलं की इथे बघण्यासारखं काही नाही, मी मानकात लिहिलंय तेवढंच करते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत वहीत चौदा गोष्टी उतरल्या होत्या. त्यातली एकही मानकात नव्हती.

सचिवबाईंनी यादी वाचून दाखवली तेव्हा चकतीताईंना चोरी पकडल्यासारखं झालं. 'वजन सावकाश ठेवावे' एवढंच मानक म्हणत होतं. चकतीताई वजन खाली सोडताना तेराचा पाढा पुटपुटत. तेराचाच का, तर बाराचा लवकर संपतो. फरशी पुसणाऱ्या मामांना त्यांनी ताकीद दिली होती की यंत्र चालू असताना ओली बादली उंबऱ्याच्या आत येता कामा नये. दमटपणाने हा लेप निम्म्या फेऱ्यांतच झिजतो हे त्यांनी कुठे वाचलं नव्हतं. मामा रजेवर असले की आकडे चढतात, एवढं त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"आणि चकती कशाने पुसता?" सचिवबाईंनी विचारलं.

"फडक्याने."

"कसलं फडकं?"

"घरचं," चकतीताई म्हणाल्या आणि विनाकारण पेन शोधू लागल्या.

सचिवबाईंनी वहीत 'घरचं' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या बैठकीला चकतीताईंना बोलावलं. मीही गेलो, कारण वजनं माझ्या ताब्यातली होती. अध्यक्ष म्हणजे निवृत्त अभियंते. जुनं मानक त्यांनीच लिहिलेलं, त्यामुळे त्यातला एकेक शब्द त्यांना पोटच्या पोरासारखा. समजूतदार माणसाला 'सावकाश' पुरेसं आहे, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. सचिवबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी पाच किलोचं वजन टेबलावर ठेवलं आणि प्रत्येकाला विनंती केली की हे उचलून सावकाश खाली ठेवा.

अध्यक्षांना दोन सेकंद लागले. लेप बनवणाऱ्यांचे प्रतिनिधी झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसे वाकले, त्यांना चाळीस लागले. नऊहजारींनी ते फलाटावर ट्रंक टेकवावी तसं टेकवलं. पाण्याचे सगळे पेले थरथरले, एक लवंडला आणि अध्यक्षांचे कागद भिजले. अध्यक्षांनी ओल्या कागदाकडे थोडा वेळ पाहिलं, मग आपल्या हाताने 'सावकाश' खोडला आणि त्या जागी 'वीस सेकंदांत, एकसारख्या गतीने' असं लिहिलं.

मग फडक्याची पाळी आली. चकतीताईंनी पिशवीतून चौघडी घातलेला पांढरा तुकडा काढला. तो हातोहात फिरला. सगळ्यांनी तो अंगठ्याने चोळून पाहिला आणि इतकं मऊ कापड मिळतं कुठे अशी चौकशी केली. शेवटी तो प्रतिनिधींकडे आला. त्यांनी घडी उलगडली आणि दिव्यासमोर धरली. कापडाला एक गोल, शिवलेली कड होती.

"हा बनियनचा गळा आहे," ते म्हणाले.

चकतीताई टेबलाकडे बघत म्हणाल्या, "ह्यांचे आहेत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सुरुवातीला त्या भांडारातलं नवं कापड वापरत. त्याची खळ चकतीवर उतरायची, वर धागेही सुटायचे, आणि आकडा रोज वेगळा यायचा. एकदा कापड संपलं म्हणून त्यांनी घरून एक जुना बनियन आणला. आकडे एकदम ताळ्यावर आले. तेव्हापासून त्यांनी दुसरं कापड वापरलं नाही. त्यांच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान, स्वभाव अबोल. बनियन जातात कुठे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची अशी पक्की समजूत होती की गच्चीवरच्या दोरीवरून कुणीतरी ते पळवतं.

अध्यक्षांना आता रस आला होता. वापरात येतो तेव्हा बनियन किती वेळा धुतलेला असतो, असं त्यांनी विचारलं. ते चकतीताईंना सांगता येईना. मानकात अंदाज चालत नाही म्हणून सचिवबाईंनी तिथूनच फोन लावायला सांगितलं आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"अहो," चकतीताई म्हणाल्या, "तुमचा बनियन साधारण किती धुण्यांनंतर नाहीसा होतो?"

पलीकडून आवाज आला, "तू घेतेस?"

"प्रयोगशाळेसाठी."

दुकानात कुणीतरी चष्म्याची काडी सैल झाल्याची तक्रार करत होतं, ती आम्हाला स्पष्ट ऐकू आली.

"सत्तरेक," यजमान म्हणाले. "मऊ होऊन अंगाला बसला, की जातो. मी खालच्या काकांशी सहा वर्षं बोललेलो नाही."

"संध्याकाळी बोलू," चकतीताई म्हणाल्या. सचिवबाईंनी सत्तर लिहून घेतले.

सत्तर वेळा धुतलेलं कापड सहा प्रयोगशाळांनी आणायचं कुठून, यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. नऊहजारींनी मोठ्या मनाने सांगितलं की आम्ही चार भाऊ एकत्र राहतो, माल कमी पडणार नाही. अध्यक्ष 'बनियन' हा शब्द मानकात घ्यायला तयार होईनात. शेवटी सचिवबाईंनी तोडगा काढला. बनियनच्याच विणीचं साधं सुती कापड घ्यावं, नुसत्या पाण्यात तीनदा उकळावं, वाळवावं आणि काळ्या काचेवर घासून पाहावं. काचेवर धागा किंवा डाग राहिला तर ते बाद.

हे जमतं का ते बघायची जबाबदारी चकतीताईंवर आली. सहा चकत्या त्यांनी बनियनने पुसल्या, सहा उकळलेल्या कापडाने. उकळलेलं कापड कमीच पडणार याची त्यांना खात्री होती. ते कमी पडलं नाही. उलट त्याचे आकडे एकमेकांच्या जास्त जवळ आले. चकतीताईंनी कुणी न सांगता सगळं पुन्हा करून पाहिलं, आणि पुन्हा तेच झालं. दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी घरून एक मोठं पातेलं घेऊन आल्या आणि कापड उकळायला ठेवलं.

दरम्यान यजमान खालच्या काकांकडे जाऊन मनापासून माफी मागून आले होते. काकांना अबोला होता हेच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं होतं, माणसाचा स्वभावच तसा.

अकरा पानांचा मसुदा सहाही प्रयोगशाळांना गेला. त्यात 'लेप संपल्यावर थांबावे' ऐवजी घर्षणाचा नेमका आकडा होता, म्हणजे कान असो वा नसो, सगळे एकाच जागी थांबणार. नऊहजारींचा घोटाळाही उलगडला. माणूस अतिस्वच्छ. रोज कोरं, खळीचं कापड, दिवसातून तीनदा ओली फरशी, आणि वर ते ट्रंकेसारखं वजन.

पुढच्या महिन्यात एका दुपारी चकतीताईंच्या टेबलावरचा फोन वाजला. नऊहजारी होते. फक्त "त्र्याऐंशी" म्हणाले. चकतीताई "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग राहवेना, म्हणून दोन मिनिटांनी स्वतःच लावला.

"एकदा की तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा," ते म्हणाले.

त्या माझ्या खोलीत आल्या आणि स्टुलावर बसल्या. एरवी कधी बसत नसत. मी चहा मागवला, आणि तो त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण प्यायला.

मानक छापून आलं तेव्हा सचिवबाईंनी संकोचून फोन केला. शेवटच्या पानावर फक्त समितीचीच नावं छापतात, तुमचं घालता आलं नाही, म्हणाल्या. चकतीताई म्हणाल्या की त्या अजून शेवटच्या पानापर्यंत पोचल्याच नाहीत. सातव्या पानावरच्या आकृतीत चकती फिरायचा बाण उलटा काढलाय, तो आधी सुधारून घ्या.