सासूबाईंचा सूर्यदर्शनाचा नेम

मुलांनो, तुम्ही राहता तिथे उन्हाचे दर्शन क्वचितच होते, म्हणून ही आठवण लिहून ठेवते.

मी नुकतीच ठाण्याला नांदायला आले होते. घर लहानसे, कौलारू, तलावाच्या काठी. माझ्या सासूबाईंचा, म्हणजे तुमच्या पणजीबाईंचा, चातुर्मासात नेम असे, की सूर्य दिसल्याशिवाय अन्नाला शिवायचे नाही. त्या श्रावणात आभाळ असे दाटून राहिले की सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली ते कळेना. सासूबाई दूध-केळ्यावर होत्या. आम्हा सगळ्यांचा स्वयंपाक करीत, पण उठताना भिंतीला हात लावावा लागे.

मामंजी वकील. ते म्हणाले, "अगं, सूर्य ढगाआड आहेच. हवं तर शपथेवर सांगतो."

"शपथेवर लोक काय काय सांगतात, ते तुम्हीच रोज कोर्टातून येऊन सांगता," सासूबाई म्हणाल्या.

एके दुपारी मी परसात अळू खुडत होते. एकाएकी पाठीला ऊब लागली. वर पाहते तो ढग फाटलेले, आणि तलावाचे पाणी डोळे दिपवणारे. पण शेजारून दुसरा काळा ढग सरकत येत होता. सासूबाई आत माजघरात पडलेल्या. मागच्या ओटीवर मामंजी बसलेले. सुनेने सासऱ्यांसमोर आवाज काढू नये, अशी तेव्हाची रीत. माझा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. आत जाऊन हळूच सांगावे, तर तेवढ्यात सूर्य झाकला असता.

"सासूबाई, ऊन! लवकर या!" मी ओरडले.

मामंजींच्या हातातली तपकिरीची डबी खाली पडली. सासूबाई पदर सावरत आल्या. त्यांनी हात जोडले, डोळे भरून सूर्य पाहिला, आणि मग ढग आला.

मी अळू घट्ट धरून मान खाली घातली. मामंजी भिंतीकडे बघत म्हणाले, "सूनबाईंचा आवाज खणखणीत आहे. कोर्टात चालेल."

"कोर्टाचं राहू द्या. मला भूक लागलीय," सासूबाई म्हणाल्या.

मी मागच्या दाराशी पाट मांडला, वरणभात वाढला. तो ढगही सरला आणि ऊन उंबऱ्यापर्यंत आले. परसातल्या ओल्या मातीतून वाफ निघत होती. सासूबाई पाय उन्हात ठेवून सावकाश जेवत होत्या. त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा मी आत जाऊन पातेलेच उचलून आणले.